कोरड्या जागी ठेवा

परवा बोईसरच्या बाजारात बल्ब घ्यायला गेले. दुकानदाराने खोका टरकन फाडला, बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवला आणि खोका पायाशी टाकला. टाकताना त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राहवलं नाही. मी वाकून तो उचलला, उलटासुलटा केला, झाकणाची घडी कशी पडली आहे ते बघितलं, लेबलवरचा महिना वाचला.

"काकू, काय पडलं का तुमचं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "माझं अख्खं आयुष्य पडलं होतं. सापडलं."

तो बिचारा गोंधळला आणि त्याने मला बल्बबरोबर एक कापडी पिशवी फुकट दिली.

केस काळे होते तेव्हापासून ते पांढरे होईपर्यंत मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दिव्यांच्या कारखान्यात नोकरी केली. दिव्यांशी माझा संबंध दुरूनच. माझ्याकडे होतं खोक्यांचं आणि लेबलांचं नियोजन. माझी आई शेवटपर्यंत आमच्या उमरोळी गावात सगळ्यांना सांगायची, "आमची बेबी खोकं मोजते." मोजत नव्हते गं आई, ठरवत होते. पण तिला ते कधी पटलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नीट कळलं नव्हतं, म्हणून इथे सांगून टाकते.

बल्ब तयार झाला म्हणजे माल तयार झाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. बल्बला बसायला छोटा खोका लागतो, छोट्या खोक्यांना मोठा खोका, दोन्हींवर लेबल, आत माहितीचा कागद, वरून चिकटपट्टी. लेबलवर वॅट किती, उजेड पांढरा की पिवळा, किंमत काय, कुठल्या महिन्यात बनला, तक्रार कुठे करायची, हे सगळं कायद्याने छापावं लागतं. खोका येतो वापीहून, लेबल वसईहून, कागद भिवंडीहून. यातली एक वस्तू जरी आली नाही तरी हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. हजारो बल्ब तयार होऊन पडलेत आणि लेबलवाल्याची शाई वाळलेली नाही म्हणून ट्रक गेटवर उभा, असे प्रसंग मी इतके पाहिलेत की मला अजून स्वप्नात ट्रकचा हॉर्न ऐकू येतो.

मग सगळं आधीच मागवून ठेवायचं, असं कुणीही म्हणेल. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक साहेब म्हणायचा. पण समुद्र जवळ. पावसाळ्यात स्टोअरमध्ये पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, घडीवर उकलतो आणि लेबलाचा डिंक सुटतो. म्हणजे लवकर आलं तर खराब, उशिरा आलं तर बोंबाबोंब. या दोन्हींच्या मधोमध माल आणून ठेवायचा, एवढीच माझी विद्या. आणि दर खोक्यावर एका कोपऱ्यात "वरची बाजू" असा बाण आणि त्याखाली "कोरड्या जागी ठेवा" ही ओळ छापून घ्यायची, हा माझा हट्ट. ती ओळ कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं. दुकानदार खोके मोरीशेजारी रचतात.

पॅकिंगच्या लाइनवर सगळ्या बायका. काही शेजारच्या पाम गावच्या, काही किनाऱ्याकडच्या, आणि बऱ्याचशा डोंगराकडच्या, जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवरून येऊन बोईसरला खोली घेऊन राहणाऱ्या. कंपनीच्या कागदावर प्रत्येक खोक्याला लांबलचक कोड असायचा. बायकांनी त्यांना आपली नावं दिली होती. पांढऱ्या उजेडाच्या बल्बचा निळा खोका म्हणजे खाडी. पिवळ्या उजेडाचा, हळद. ट्यूबलाइटचा लांबडा खोका, शेवगा. मीसुद्धा कोड विसरून स्टोअरच्या दारातून ओरडायची, "शेवगा संपला का गं?" एकदा मुंबईच्या हेड ऑफिसातून तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी हे ऐकलं आणि कॅन्टीनमध्ये विचारलं, जेवणात शेवग्याची आमटी आहे का.

एकदा आखातातल्या देशाची ऑर्डर आली. लेबल त्यांच्या लिपीत. आमच्यापैकी कुणालाच ती वाचता येईना, मग सरळ कुठलं आणि उलटं कुठलं हेच कळेना. नमुना मागवून भिंतीवर डकवला. त्यातल्या एका अक्षराला बायकांनी कोयता ठरवलं आणि दिवसभर एकमेकींना बजावत राहिल्या, "कोयत्याची मूठ वर." सगळी ऑर्डर गेली, एकही लेबल उलटं गेलं नाही. त्याच महिन्यात एका आख्ख्या पाळीत मराठी लेबलं उलटी चिकटवली गेली, कारण ते वाचता येतं म्हणून कुणी त्याकडे बघितलंच नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दिव्यांचा धंदा दिवाळीवर चालतो हे सांगायला नको. दसऱ्याच्या आगेमागे ऑर्डरींचा नुसता पूर येतो. आणि आमच्या भागात भात पिकतं तेही नेमकं तेव्हाच. लवकर येणारं हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला कापायला होतं, उशिराचं गरवं दिवाळीला. म्हणजे ज्या पंधरवड्यात कारखान्याला प्रत्येक हात हवा, त्याच पंधरवड्यात डोंगरात प्रत्येक हात हवा. यात नवीन काही नाही, कारखाना आला तेव्हापासून हे असंच आहे. पण दर वर्षी ऑफिसात कुणीतरी "अचानक बायका गायब झाल्या" असं म्हणायचंच.

मी उमरोळीची, भातखाचरं बघत वाढलेली. त्यामुळे गौरी-गणपती झाले की मी लाइनवर फिरायची आणि एकेकीला विचारायची, "तुझं हळवं की गरवं?" त्यांनीही आपसात पद्धत बसवली होती. सगळ्या एकदम जायच्या नाहीत. हळव्यावाल्या आधी जायच्या, कापून परत यायच्या, मग गरव्यावाल्या निघायच्या. मागे राहिलेल्या दुप्पट वेगाने पॅकिंग ओढायच्या. एकाच पाड्यावरच्या असतील तर एकमेकींच्या शेतातही राबायच्या. ते सगळं डोक्यात ठेवून मी खोक्यांच्या तारखा लावायची. सोपा माल कापणीच्या दिवसांत, कटकटीचा माल त्याआधी किंवा नंतर.

आमचे कारखानाप्रमुख सबनीससाहेब नवीन होते तेव्हा त्यांनी मला एकदा विचारलं, "राऊतबाई, आपण बल्ब पॅक करतो की भात?"

"साहेब," मी म्हटलं, "भात घरात पडलं की बल्ब आपोआप पॅक होतात."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त भात ताटात आल्यावरच बघितलेला होता.

या बायकांची पुढारीण जिवी. तिला कुणी पद दिलं नव्हतं, पण कोण कधी जाणार हे तीच ठरवायची. काटक, कमी बोलणारी, चिकटपट्टी लावण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. मध्ये एक पट्टी, दोन्ही कडांना दोन आडव्या, आणि वरून अंगठा असा फिरवायची की आत हवेचा बुडबुडा राहायचा नाही. नवरा डहाणूकडे बोटीवर खलाशी. पाड्यावर सासू आणि डोंगराच्या उतरणीवर पावसावर पिकणारा एक तुकडा. त्यात हळवं भात. सबंध कारखान्यात पहिली कापणी तिची यायची, तरी ती दर वर्षी सगळ्यांना आधी पाठवून हळव्यावाल्यांत शेवटी स्वतः निघायची.

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या दिवाळीला घाटावरच्या एका पतसंस्थेची ऑर्डर आली. सभासदांना दिवाळीची भेट म्हणून, लाइट गेली तरी पेटत राहणारे बल्ब द्यायचे होते. या बल्बमध्ये बॅटरी असते. त्याच्या बुडाशी दोन टोकं असतात, ती ओल्या बोटांनी एकदम धरली तरी तो हातातच पेटतो. जत्रेत विक्रेते असाच पेटवून दाखवतात आणि लोक तोंडात बोट घालतात.

पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांना खोक्यावर स्वतःचा फोटो हवा होता. हवा तर हवा, छापू. नमुना पाठवला तर फोन आला, "ताईसाहेब, तेवढं केसाचं बघा की. लईच विरळ दिसायल्यात." केस दाट करून पाठवले. मग व्हाइस चेअरमनांचाही फोटो हवा झाला, पण थोडा लहान. मग ते चिडले म्हणून सारखा. त्यानंतर त्या दोघांचं काय बिनसलं देव जाणे, व्हाइस चेअरमन खोक्यावरून उडाले. वसईचा लेबलवाला म्हणाला, "मॅडम, आता निवडणूक झाल्यावरच छापू."

शेवटची मागणी आली ती सगळ्यांत भारी. "ताईसाहेब, खोका आतनं चंदेरी पायजे. उघडल्या उघडल्या झगमगलं पायजे."

वापीच्या खोकेवाल्याने आतून चांदीसारखा चमकणारा कागद चढवून खोके दिले. इतके देखणे खोके आमच्या लाइनवर कधी आले नव्हते. बायकांनी बघताक्षणी नाव ठेवलं, पापलेट. चकचकीत, महाग आणि आपल्या घरी कधी न येणारं.

माल भरून झाला. मोठे खोके रचून झाले. त्या आठवड्यात जिवी आणि तिच्याबरोबरच्या राहिलेल्या हळव्यावाल्या निघायच्या होत्या. दुपारी जेवणानंतर वसाहतीतली वीज गेली. स्टोअरला खिडक्या नाहीत, आत मिट्ट काळोख. हमाली करणारा ओमप्रकाश आत गेला आणि उलट्या पावली बाहेर आला. "मॅडम, लाइट गयी और डिब्बे में दिवाली हो रही है!"

मी आत जाऊन बघते तर खरंच. मोठ्या खोक्यांना हात घालून उचलायला दोन बाजूंना भोकं असतात. त्या प्रत्येक भोकातून उजेड बाहेर पडत होता. सगळी रास आतून उजळलेली. इतकं सुंदर दृश्य मी कारखान्यात दुसरं पाहिलं नाही, आणि इतकं महागात पडणारंही दुसरं पाहिलं नाही. एक खोका फोडला. बल्ब पेटलेला. बाहेर काढला, विझला. परत आत घातला, पेटला. बुडाची दोन्ही टोकं आतल्या चंदेरी कागदाला टेकत होती. पत्रा लावावा तशी ती जोडली जात होती आणि भरल्यापासून बल्ब बंद खोक्यात जळत बसले होते; लाइनवरच्या दिव्यांच्या लखलखाटात आणि कागदाच्या चकाकीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निम्म्यांची बॅटरी तर संपून गेली होती.

बुडाला एक साधी प्लॅस्टिकची टोपी घातली असती तर काही झालं नसतं. पण बल्बवाल्यांनी खोका पाहिला नव्हता आणि खोकेवाल्यांनी बल्ब. पुठ्ठ्याच्या खोक्याला टोपी कधी लागली नव्हती, म्हणून टोपी कुणाच्या ध्यानातच आली नाही. माझ्याही नाही.

सबनीससाहेबांनी तासाभरात फर्मान काढलं. सगळा माल उघडायचा, बल्ब पुन्हा चार्ज करायचे, टोप्या घालायच्या, परत भरायचा. शनिवारी ट्रक निघाला पाहिजे. आणि तोवर एकही बाई कारखाना सोडणार नाही. बायका ठेकेदारामार्फत कामाला यायच्या; जी जाईल तिचं नाव त्याच्या यादीतून कायमचं कमी. हेड ऑफिसातून त्यांना काय काय ऐकावं लागलं होतं ते त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरूनच कळत होतं, त्या लालबुंद झाल्या होत्या.

जिवी पाण्याच्या नळापाशी उभी होती. बाहेर आभाळ पूर्वेकडून काळवंडत होतं. परतीचा पाऊस डोंगरातून येतो तो असाच येतो.

"ताई, सायेब खरांच काढील?"

"चिडलाय तो. पण या वेळी काढेल, असं वाटतं."

तिने आभाळाकडे पाहिलं. म्हणाली, "भात उभा हाय. पिकून वाकलाय. पाऊस आला तं आडवा पडंल. सासू एकलीच हाय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तांदूळ काय, बाजारात मिळतो गं."

"खायाचा नाय ओ ताई," ती म्हणाली. "खायाला रेशनचा मिलतो. बियाचा हाय. सासूच्या सासूपासूनचा हळवा हाय आमचा, बाजारात नाय मिलत. भिजला तं जागीच कोंब फुटतील. मंग पुढल्या साली काय पेरू?"

तिने रडगाणं गायलं नाही, मला गळही घातली नाही. नळ बंद केला आणि लाइनवर जाऊन बसली. तिचं हेच मला सहन होईना. मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि त्या भाताचं काय झालं हे तिने मला कधी सांगितलंही नसतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी टेबलाशी जाऊन बसले आणि आयुष्यभर केलं तेच केलं. काय आधी, काय नंतर ते मांडून पाहिलं. खोके उघडून बल्ब काढायचं काम थोडं, ते थांबलेल्या बायका संध्याकाळपर्यंत उरकतील. मग चार्जिंग. मांडणीवर एका वेळी बसतील तेवढेच बल्ब चार्ज होणार, त्यात दिवस जाणार आणि तिथे बायकांचं काही काम नाही. त्यानंतर टोप्या. त्या वापीहून यायच्या. टोप्या घालायला आणि परत भरायला मात्र सगळ्या हव्यात. म्हणजे साहेब ज्यांना दोरीने बांधून ठेवायला निघाले होते, त्या मधले दिवस नुसत्या हात बांधून बसणार होत्या. फक्त शनिवार गाठायचा तर शेवटच्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ट्रक सोमवारी निघाला तर सगळं अगदी सहज बसत होतं.

मी चेअरमनसाहेबांना फोन लावला. सोमवार म्हटल्याबरोबर ते उसळले. "ताईसाहेब, सभासद माजी खुर्ची काढून घेतील." मी आधी ठरवलं होतं की चार्जिंगचं कारण सांगायचं. सांगितलंही. पण मग तोंडून निघून गेलं, "आणि साहेब, आमच्या बायकांचं भात उभं आहे. आभाळ भरून आलंय."

पलीकडचा आवाज बदलला. "किती वाकलंय?"

"पार पिकून आडवं व्हायला आलंय म्हणतात."

"मग आज बाया हिकडं काय करायल्यात?" चेअरमन म्हणाले. "जावू द्या की त्येनला. माजा द्राक्षाचा बाग हाय ताईसाहेब, ढग बगून पोटात काय हुतं ते मला नका सांगू. सोमवार तर सोमवार. पर फोटू नीट ठेवा."

नंतर वापीला टोपीवाल्याला फोन केला. तो उत्साही माणूस. "मॅडम, कल शाम को भेज दूँ?" सगळी हयात मी पुरवठादारांना "आजच पाठवा, आत्ताच पाठवा" म्हणून छळलं. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं, "काही घाई नाही. सावकाश पाठवा, शनिवारी सकाळी." त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही. त्याने दोनदा विचारलं.

सबनीससाहेबांपुढे मी सगळं मांडलं. चेअरमननी सोमवार मान्य केल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "गणित बरोबर आहे, राऊतबाई. पण एकदा गेल्या की त्या दिवाळी करूनच येतात. शनिवारी लाइन रिकामी राहिली तर?"

"नाही राहणार."

"आणि राहिली तर?"

"तर वर माझं नाव सांगा. माझी एवढीतेवढीच नोकरी राहिली आहे, बिघडून बिघडून काय बिघडणार?"

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "जाऊ द्या त्यांना," शेवटी म्हणाले. "पण शनिवारी सकाळी मी स्वतः लाइनवर उभा राहणार."

संध्याकाळच्या टेम्पोने बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. साधासुधा नाही, विजा कडाडत, पत्र्यावर ताशा बडवल्यासारखा. चार्जिंगच्या मांडणीवर बल्ब शांतपणे चार्ज होत होते आणि मी स्टोअरच्या शटरपाशी उभी राहून डोंगराच्या दिशेला बघत होते. तिकडे काही दिसत नव्हतं. आयुष्यभर मी पावसाला घाबरले ती पुठ्ठ्यापायी. त्या दिवशी पुठ्ठ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

शनिवार उजाडला. टोप्यांच्या गोण्या वेळेवर आल्या. पाळी सुरू झाल्याचा भोंगा वाजला. लाइन अर्धी रिकामी. सबनीससाहेब म्हटल्याप्रमाणे उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. मग मी पदर खोचला, जिवीच्या जागेवर बसले आणि टोप्या घालायला लागले. किती खोके लागतील हे ठरवणं वेगळं आणि खोका भरणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या बोटांना कळलं. थोड्या वेळाने बाजूची खुर्ची सरकली. बघते तर साहेबच. बाह्या दुमडून बसले होते. "कशी घालायची दाखवा," म्हणाले.

चहाची वेळ व्हायच्या आत गेटकडून गलका ऐकू आला. बायका आल्या होत्या. मनोरच्या अलीकडे टेम्पो बंद पडला म्हणून कितीतरी वाट चालत येऊन त्यांनी दुसरी गाडी धरली होती. पाय चिखलाने भरलेले, केस ओले, हातांवर कोयत्याचे आणि भाताच्या पात्यांचे ओरखडे. जिवी सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "उठा ताई, तुमी हळू करता."

साहेबही उठले. त्यांनी घातलेल्या टोप्यांपैकी बऱ्याच जिवीने काढून परत घातल्या. त्यांच्यासमोरच.

भाताचं विचारायला मला चहापर्यंत धीर झाला नाही. कपात बघत विचारलं, "कापलं?"

"कापला. भारे झाकाया लागलो न् पाऊस आला." तिने खांदे उडवले. "भिजला हाय. सुकला तं बी, नाय तं कोंबड्यांना."

माल सोमवारी गेला. चेअरमनसाहेबांचा खूश होऊन फोन आला, झगमगलं म्हणाले. पाठोपाठ आठवडाभर सभासदांच्या तक्रारी आल्या की बल्ब पेटत नाही. टोपी काढून बल्ब लावायचा असतो, हे आम्ही लेबलवर छापायला विसरलो होतो. कामात असं व्हायचंच.

छापखाना नेहमी मागितल्यापेक्षा थोडे जास्तच खोके छापतो. उरलेले खोके दुसऱ्या ऑर्डरीला चालतात, पण यांच्यावर चेअरमनसाहेब बसले होते. जगात दुसऱ्या कुणाला ते उपयोगाचे नव्हते. असा मेलेला माल आम्ही रद्दीत काढतो. जिवीने विचारलं, "ताई, पापलेटं टाकनार?" मी साहेबांची सही घेऊन ते गेटपासवर बायकांना वाटून टाकले. पोरांना खेळायला नेत असतील, असं वाटलं.

मार्चअखेरीस मी निवृत्त झाले. जिवी त्याआधीच पाड्यावर गेली होती. भाताचं काय झालं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती, खरं सांगते. मे महिन्यात तिच्या नणंदेच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा मी आणि आमचे हे गेलो. रस्ता संपला तिथून पुढे चालत. वाटेत उतरणीवरचा तो तुकडा जिवीने दाखवला. पालापाचोळा जाळून, भाजणी करून काळा केलेला, कोरडा ठणठणीत, पेरणीसाठी तयार. मी बघितला आणि पुढे चालू लागले.

घरात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. कुडाच्या भिंती, चुलीवर माळा, धुराने काळा झालेला. आणि त्या काळ्या माळ्यावर ओळीने मांडलेले चेअरमनसाहेब. दाट केसांचे, हसरे. एक, दोन, तीन, पार कोपऱ्यापर्यंत.

"हे काय गं?" मी म्हटलं.

जिवीने एक खोका खाली घेतला. मध्ये एक पट्टी, दोन्ही कडांना दोन आडव्या. कंपनीचीच चिकटपट्टी, आमच्या लाइनवरचीच पद्धत. तिने कड उचलली, झाकण उघडलं. आतला चंदेरी कागद चुलीच्या उजेडात लखलखला. खोका काठोकाठ भाताने भरला होता. लालसर, टपोरं. मी त्यात हात घातला. कोरडं होतं. खडखडीत कोरडं.

"निम्मा गेला," जिवी म्हणाली. "निम्मा सुकला. सासू बोलली, कणगीत ओल लागंल. ह्या पापलेटात ओल नाय शिरत. पेरून उरंल, तुमाला पन देईन."

डोळे भरून आले. धुराने आले म्हटलं, आणि कुणी खोडलं नाही.

तिने झाकण लावलं, पट्टी ताणून बसवली आणि वरून अंगठा फिरवला, हवा राहू नये असा. मग खोका परत माळ्यावर ठेवला, बाण वर करून, बाकीच्या सगळ्यांसारखाच. बाणाखालची माझी ओळ धुराने थोडी पिवळी पडली होती, पण वाचता येत होती. ती इतकी वर्षं मी प्रत्येक खोक्यावर छापून घेतली. ती कुणी पाळलेली मी त्या घरात पहिल्यांदा पाहिली.